हरणीचे डोळे

शेषरावांनी दगडाच्या सशाला डोळे बसवले की ससा आता टुणकन उडी मारून टेबलाखाली जाईल असं वाटायचं. टिळक नगरातल्या त्यांच्या घरी येणारा जो तो "वाह शेषरावजी" म्हणून मान डोलवायचा. मागे रत्नमाला चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. त्या सशाच्या डोळ्यांतली भीती तिची होती, हे मात्र त्या दोघांनाच ठाऊक होतं.

विम्याच्या नोकरीत बदली होऊन हे जोडपं परभणीहून जयपूरला आलं आणि निवृत्तीनंतर इथंच राहिलं. सांगानेरच्या बाजूला कजोडजी नावाचे कारागीर दगडाची तळहाताएवढी जनावरं कोरत. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं ठेवून ती जनावरं ते शेषरावांकडे आणत. शेषराव स्फटिकाचा मसुराएवढा थेंब घ्यायचे आणि त्याच्या सपाट पाठीवर डोळा रंगवायचे. काम सगळं उलटं. आधी काळी बाहुली, मग तिच्यावरून बुबुळ, मागून सोन्याचा वर्ख, आणि शेवटी लाखेनं खोबणीत पक्कं करायचं. एकदा चुकलं की खोडता येत नाही. म्हणून समोर जिवंत नजर असल्याशिवाय ते कुंचला उचलत नसत.

सुरुवात साधीच झाली होती. स्वयंपाकघरात कुकरचं झाकण उडालं, रत्नमाला दचकली आणि शेषरावांना पाहिजे तो ससा सापडला. तेव्हा दोघंही हसले होते. पण माणसाला फुकटचं मिळालं की चटक लागते. खारीसाठी त्यांनी तिच्या पाठीमागे मुद्दाम परात आपटली. मांजरीसाठी चारचौघांत तिच्या माहेरचा उद्धार केला आणि तिच्या डोळ्यांत राग उतरेपर्यंत थांबले नाहीत. एकदा तर त्यांनी तिच्या हातात फोन दिला. "जावयाचा आहे. उत्कर्षाला गाडीनं उडवलंय." तिनं फोन कानाला लावला तर पलीकडे कुणीच नव्हतं. शेषराव डोळ्याला भिंग लावून तिच्या तोंडाशी वाकले होते.

"काही झालं नाही गं," ते म्हणाले. "काळविटाची नजर बसत नव्हती."

उत्कर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. असल्या बापाला काय म्हणावं? मला तर शब्द सापडत नाही. रत्नमालेनं मात्र डोळ्यांतली नजरच मारून टाकली. शेषराव भिंग घेऊन आले की ती मनातल्या मनात डाळ निवडायला बसायची, एकेक खडा बाजूला काढायची, आणि चेहऱ्यावर काही म्हणून उमटू द्यायची नाही. हळूहळू ती सवयच झाली.

यंदा सिव्हिल लाइन्सच्या एका साहेबांसाठी कजोडजींनी हरणी कोरून आणली. पायाशी नुकतं जन्मलेलं पाडस, आणि हरणीची मान वळलेली, काहीतरी चाहूल लागल्यासारखी. "बाबूजी, इसमें माँ की नज़र चाहिए," कजोडजी म्हणाले.

त्याच महिन्यात तिकडे पुण्याला उत्कर्षाचे दिवस भरत आले होते. रत्नमालेनं डिंकाचे लाडू वळून डबा बांधून ठेवला. एकटीनं प्रवास तिनं जन्मात केला नव्हता, आणि शेषराव तिकीट काढायला तयार नव्हते.

"हरणीचे डोळे झाले की निघूच," ते म्हणायचे. "तूच उशीर करायलीस. बघ की जरा नीट."

मग ती बघायची. लेकीकडे जायचं म्हणून ती स्वतःहून समोर बसायची, डोळे मोठे करायची, वाईटसाईट आठवायची. शेषराव भिंग खाली ठेवायचे. "नाटक नको मला." आणि खरंच, तिच्या डोळ्यांत काही उरलंच नव्हतं. इतकी वर्षं डाळ निवडून निवडून तिनं आतलं सगळं वेचून टाकलं होतं.

एका दुपारी ती मेथी निवडत असताना शेषराव धावत आले. हातात फोन होता आणि गळ्यात दोरीला भिंग.

"उत्कर्षाचं बाळंतपण बिघडलंय. आत न्यायलेत तिला. तुझ्याशी बोलायचं म्हणतीय. घे."

रत्नमालेनं आधी भिंगाकडे पाहिलं. बाळंतपणाला टेकलेल्या लेकीचं नाव घेऊन हा माणूस असलं अभद्र बोलतो, याचा तिला संताप आला. तिनं पदराला हात पुसले, फोन घेतला आणि कानाला न लावताच बंद केला.

"हरणीसाठीच ना?" ती म्हणाली. "खोटं तरी नवीन सांगा."

"खोटं नाही गं. देवाशपथ खोटं नाही."

शेषरावांनी पुन्हा फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. त्यांनी पुन्हा लावला आणि मग ते भिंतीला टेकून खालीच बसले. रत्नमालेनं तेव्हा कुठं त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. आजवर ती दगडाच्या जनावरांतच दिसली होती. ती उठली तशी मांडीवरची मेथी खाली सांडली.

संध्याकाळी जावयाचा, निनादचा फोन आला. मूल वाचलं होतं. उत्कर्षा नव्हती. निनाद रडत रडत एवढंच विचारत राहिला, "आई, तुम्ही फोन का कट केलात? ती मला विचारत होती, आई रागावलीय का?"

रत्नमालेनं फोन शेषरावांच्या हातात दिला.

पुण्याचं सगळं उरकून दोघं परत आली तेव्हा डिंकाच्या लाडवांचा डबा तसाच बांधलेला होता. शेषराव दिवसचे दिवस टेबलाशी नुसते बसून राहत. कजोडजी दोनदा येऊन दारातूनच परत गेले. हरणी डोळ्यांच्या जागी भोकं घेऊन खिडकीत उभी होती.

एका सकाळी रत्नमालेनं न्हाणीतला दाढीचा आरसा काढून आणला आणि शेषरावांच्या पुढ्यात उभा केला.

"आईची नाही, पण बापाची आहे," ती म्हणाली. "चालेल हरणीला. घ्या."

शेषरावांनी मान वर केली. आरशात पाहिलं आणि त्यांच्या तोंडून हुंदका फुटला. रत्नमाला समोर उभीच होती. तिला वाटलं, आता हे आरसा फोडतील, निदान तोंड तरी फिरवतील. तेवढं केलं असतं तरी तिनं बहुधा त्यांना पाणी आणून दिलं असतं.

शेषराव बराच वेळ आरशात पाहत राहिले. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांचा हात कुंचल्याकडे गेला.