तिप्पट ताणायचा राहिलेला वक्र

"सर, एक्स शून्य ठेवला तर उत्तर उणे एक येतं. तुमचा वक्र तर अधिक एकवरून चाललाय."

पालकसभा ऐन रंगात आली होती आणि मागच्या बाकावरून हा आवाज आला. आवाज सुनंदाचा. ही पेठ गावची मुलगी, नाशिकला मावशीकडे राहून आमच्या क्लासला यायची. अकरावी संपत आली होती. बारावीला तिला इथेच ठेवायचं की परत न्यायचं, हे ठरवायला तिचे वडील त्या दिवशी मुद्दाम आले होते. हे मला ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं.

आता माझी जादू सांगतो. काळ नव्वदच्या दशकातला. कॉम्प्युटरवर आलेख दाखवायची सोय आमच्याकडे नव्हती. क्लासच्या मालकांनी, म्हणजे आमच्या बॉसनी, ओव्हरहेड प्रोजेक्टर घेतला होता. पारदर्शक शीटवर काढलेलं भिंतीवर मोठं दिसायचं. एका शीटवर मी अक्ष आणि चौकटी आखल्या, दुसरीवर 'एक भागिले एक्स'चा वक्र. एक्स दोन असेल तर उत्तर अर्धं, दहा असेल तर एक दशांश. शून्याने भागता येत नाही, म्हणून वक्र मधोमध तुटलेला. दोन फांद्या, अक्षांच्या जवळजवळ जाणाऱ्या पण कधीच न टेकणाऱ्या. शीट एक घर उजवीकडे सरकवली की झाला 'एक भागिले, एक्स वजा एक'. वर सरकवली की उत्तरात तेवढी भर. मुलं टाळ्या वाजवायची, आणि मला टाळ्या फार आवडायच्या.

त्या दिवशी पालकांना दाखवायला घेतलेलं गणित होतं: दोन एक्स अधिक एक, भागिले एक्स वजा एक. भागाकार केला की दोन पूर्ण येतात, बाकी तीन. म्हणजे शीट एक घर उजवीकडे, दोन घरं वर. मी ती ऐटीत सरकवली. पण बाकी तीन होती, एक नव्हे. वक्र उभ्या दिशेने तिप्पट ताणायलाही हवा होता. शीट सरकते, ताणली जात नाही. हाताला जेवढं जमलं तेवढंच गणित मी केलं.

सुनंदाचं म्हणणं तपासायला फळ्यावर एक ओळ पुरली असती. पण समोर पालक, दारात बॉस, आणि माझ्या जिभेला खाज.

"शून्याची एवढी घाई का गं? पेपरात मिळेलच की!"

हॉल हसला. बॉस सगळ्यात मोठ्याने. सुनंदा खाली बसली.

सभा संपल्यावर तिचे वडील पुढे आले. "सर, पोरीला झेपंल ना हे? तुमच्या तोंडून ऐकलं की मी मोकळा."

तेवढ्यात बॉसनी हाक मारली. "मेहनत लागेल... बघू," असं काहीतरी पुटपुटून मी सटकलो.

संध्याकाळी शीट पुसताना एक्सच्या जागी शून्य ठेवून पाहिलं. उणे एक. पुन्हा केलं. दुसऱ्यांदा तरी आपण बरोबर ठरू, अशी मास्तर लोकांची आशा असते. बॉसना सांगितलं.

"कुणाच्या लक्षात आलं नाही ना? मग झालं तर!"

"एकीच्या आलं होतं, सर."

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. मावशीकडे चौकशी केली, तर वडील घेऊन गेले होते. मग एका रविवारी पेठची एसटी पकडली. वडिलांनी ओट्यावरच्या खाटेवर बसवलं, चहा दिला.

"चूक माझी होती. तिचं बरोबर होतं," मी म्हणालो.

"आसंल. पन सर, हे तिथंच म्हणायचं व्हतं ना. हसं चार लोकांत झालं, आन् ती बरोबर व्हती हे माझ्या वट्यावर येऊन सांगताय."

"आता तरी पाठवा."

"आता नाय. हितं आर्ट्सला नाव घातलंय. तीच म्हणली, गणित नको."

सुनंदा कप न्यायला बाहेर आली.

"सर, तिप्पट ताणायचा राहिला होता ना? मी घरी काढून बघितला."

"हो."

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

पुढे मी दुप्पट, तिप्पट, उलट्या वक्रांच्या वेगळ्या शीट्स केल्या. नंतर कॉम्प्युटर आले आणि वक्र आपोआप ताणला जाऊ लागला. सुनंदा मात्र गणिताकडे परत आली नाही.

क्लासवर नवे शिक्षक आले की मी त्यांना एवढंच सांगतो: आलेख काढला की एक बिंदू घालून बघा. आणि कुणी शंका विचारली तर आधी गणित करा, विनोद मागाहून. गणित केल्यावर तो बहुधा सुचत नाही.