रायफलीचा पट्टा

करडी गावात आमच्या बांधाला लागूनच शेजारच्या काकांचं धानाचं शेत होतं. रानडुकरांसाठी परवाना मिळाला तशी त्यांनी एका दिवसात रायफल घेतली. तिचा पट्टा निवडायला मात्र दोन वर्षं लागली. लाखनीच्या चामड्याच्या दुकानात दर वेळी मलाही नेत. रायफल खांद्याला अडकवून दुकानासमोर चालत, रोवणीत धानाची रोपं लावत असल्यासारखे वाकत आणि मान हलवत.

"चामड्याचा करकरते गुरुजी, डुक्कर आयकते. खाटेच्या नवारीचा घसरून राहिला."

शेवटी एक रुंद कॅनव्हासचा पट्टा पसंत पडला. त्या रायफलीतून गोळी सुटलेली मी कधी ऐकली नाही. डुकरं ते पत्र्याचा डबा वाजवूनच हाकलत.

पुढे निवडणूक आली आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. मी सोबत गेलो. टेबलावर रायफल ठेवण्याआधी त्यांनी पट्टा सोडून घेतला.

"पट्टा कायले काढून राहिले?" हवालदारानं विचारलं.

"बंदूक ठेवा तुमच्याजवळ. पट्टा आत्ता कुठं माह्या खांद्यावर बसला."

त्या संध्याकाळी नुसता पट्टा अडकवून, तो खांदा नेहमीसारखाच खाली झुकवून ते बांधावर डबा वाजवत फिरले. डुकरं रोजच्यासारखीच पळाली.