गोदीमास्तरांची बदली

मागच्या रविवारी फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, त्या मालिकेत असं आहे तरी काय? अंतराळाचं एक पुस्तक तू कधी हातात धरलं नाहीस आणि आता रोज ते स्थानक बघत बसतेस." धाकटा मागून ओरडला, "आजीला एलियन आवडतात!" आजोबांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती, म्हणून मी हसून फोन ठेवला. खरं उत्तर फोनवर सांगता आलं नसतं. ते इथे लिहिते. दोघांनी वाचा आणि मग तुमच्या आईबाबांनाही वाचायला द्या.

सुरुवात तुमच्यामुळेच झाली. मे महिन्यात तुम्ही बोर्डीला आलात, तेव्हा आजोबांच्या झटक्याला तीन महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. टीव्ही त्यांच्या पलंगासमोर असल्यामुळे तुम्ही त्यांच्या पायथ्याशी बसून ती मालिका बघायचात. ते तुमच्याकडे बघत असतील असं मी धरून चालले होते. तुम्ही परत गेलात आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड वाजवायला सुरुवात केली. आम्ही पाणी दिलं, कूस बदलली, पंखा कमी केला, बातम्या लावल्या, क्रिकेट लावलं. हात थांबेना. शेवटी मावशीने रिमोटवर कुठलं तरी बटण दाबलं. पडद्यावर कडी असलेला तो पिवळा ग्रह आला, त्याच्याभोवती फिरणारं स्थानक आलं, आणि हात शांत झाला.

मावशी म्हणजे आजोबांचं सगळं करणारी. तुम्ही तिला मावशी म्हणता, म्हणून मीही इथे तेच लिहिते. ती तलासरीकडच्या एका पाड्यावरून दोन गाड्या बदलून येते. इंग्रजी तिला अजिबात येत नाही. पहिले दोन दिवस ती नुसतीच चित्रं बघत होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाई, एवढी शाळा शिकवली, आता आमाला पण शिकवा की. ही बाई त्या माणसाला शिव्या देते का लगीन करते त्याच्याशी?"

त्या दिवसापासून मी पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचून मोठ्याने मराठीत सांगू लागले. रोज पाच वाजता, चहा झाल्यावर, एक भाग. आयत्या वेळी शब्द अडू नये म्हणून दुपारी आजोबा झोपले की आवाज बंद करून मी तोच भाग एकटी बघून ठेवायचे. कठीण शब्द वहीत उतरवायचे आणि शब्दकोश काढून बसायचे. छत्तीस वर्षं पाठाचं टाचण काढल्याशिवाय वर्गात गेले नाही, तर आता कशी जाऊ? मावशी हसायची. "बाई एकदा पास होतात, मग परत परीक्षेला बसतात."

मावशीने स्थानकावरच्या सगळ्यांना आपली नावं दिली. स्थानकाची प्रमुख बाई म्हणजे सरपंचीण. पाणी आणि हवा मोजून देणारा, कपाळावर खवले असलेला अधिकारी म्हणजे तलाठी. आणि येणाऱ्या जहाजांना कुठे लागायचं ते माइकवरून सांगणारा वृद्ध गृहस्थ, त्याला मी गोदीमास्तर म्हणायचे, ती म्हातारा म्हणायची. आजोबांचा जीव त्याच्यावर. चिकूच्या वखारीवर कुणाचा टेम्पो आधी लागणार, कुणाचा थांबणार, हे आजोबांनी आयुष्यभर सांगितलं. गोदीमास्तराने दोन भांडणाऱ्या कप्तानांना तंबी दिली की आजोबांच्या तोंडाचा चांगला कोपरा वर जायचा. डहाणूच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "त्यांना किती समजतं ते नक्की सांगता येणार नाही." मी त्याचा अर्थ 'फारसं समजत नाही' असा घेतला होता. तो कोपरा रोज बघूनही तोच अर्थ घेतला होता.

आता थोरलीच्या प्रश्नाकडे येते. तूच मला सांगितलं होतंस की अशा मालिकांत बहुतेक वेळा जहाज असतं. जहाज दर भागात नव्या ग्रहावर जातं, तिथलं भांडण मिटवतं आणि पुढे निघतं. हे स्थानक कुठेही जात नाही. काल ज्याच्याशी हातघाईवर आलात, त्याच्याच मागे आज पाण्याच्या रांगेत उभं राहायचं. दोन जमाती आधी एकमेकींना मारत होत्या, आता एकच हवा वाटून घेतात आणि त्यावरूनही कुरकुरतात. पाचव्या भागात खानावळीची काच फुटली, ती विसाव्या भागातही चिकटपट्टी लावलेलीच दिसते. इतर मालिकांत काच पुढच्या भागात बदललेली असते. इथे ती तशीच राहिली, म्हणून माझा विश्वास बसला. येणारी माणसं येतात, निघून जातात, आणि जी राहतात त्यांना गोष्ट पुढे रेटावी लागते. तुम्हाला तिकडे ही मालिका वेगळ्या कारणाने आवडत असेल. मला ती इथल्या, मागे राहिलेल्या माणसांची गोष्ट वाटते.

मावशीचं कारण आणखी वेगळं होतं. ती पाचला बघितलेला भाग घरी जाऊन सांगायची. भाताच्या आवणीच्या दिवसांत तर चिखलात उभी राहून जावांना सांगायची. एकदा तिला सोडायला थांब्यावर गेले, तर एक अनोळखी बाई मला विचारते, "तलाठ्याला सोडला का हो सरपंचिणीनं?" टीव्ही न बघता मालिकेचे चाहते झालेली माणसं मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

गणपतीनंतरची गोष्ट. दुपारी मी पुढचा भाग बघायला बसले. गोदीमास्तर नेहमीसारखा टेबलाशी आला. माइक उचलला. बोलायला गेला आणि तोंड वाकडं झालं. हातातला कप निसटला. बाहेर एक जहाज थांबलं होतं. त्याची कप्तान पुन्हा पुन्हा विचारत होती, "गोदी, उत्तर द्या." तो माइककडे बघत होता. त्याला ऐकू येत होतं. मी टीव्ही बंद केला. थोड्या वेळाने धीर करून शेवटाकडे गेले, तर त्याला स्थानकाच्या बाहेर सोडत होते, पांढऱ्या कापडात.

फेब्रुवारीतली ती सकाळ तुम्ही पाहिली नाहीत. आजोबांच्या हातात दाढीचा ब्रश होता. माझ्याकडे बघत होते आणि मी, "अहो, बोला ना, बोला ना," एवढंच म्हणत होते.

हा भाग त्यांना दाखवायचा नाही, असं मी ठरवलं. शाळेतही एखादा धडा मुलांना झेपणार नाही असं वाटलं की मी तो मागे ठेवायचे आणि पुढच्या धड्याकडे जायचे. तसंच केलं. पाच वाजता थेट त्याच्या पुढचा भाग लावला. गोदीच्या टेबलाशी एक तरुण मुलगी उभी होती.

मावशीने लगेच विचारलं, "म्हातारा कुठं गेला?"

माझ्या तोंडून निघालं, "बदली झाली."

"बदली? कुठं?"

"दुसऱ्या स्थानकावर."

"दुसरं ठेसन हाय आभाळात? मग आजवर कुणी बोललं नाय ते?" मावशी आजोबांकडे वळली. "बघा बाबा, म्हातारपणी बदली करतात. आमचे शाळेतल्या मास्तरांसारखी."

आजोबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मी घाईने पुढचं वाक्य वाचलं.

एकदा बदली म्हटल्यावर मग सगळंच बदलावं लागलं. पडद्यावर ती तरुण मुलगी त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसायला नकार देत होती. मी सांगितलं, तिला उंच खुर्ची हवी आहे. सरपंचीण त्याचं नाव घेऊन रडली. मी सांगितलं, तिला कामाचा ताण झाला आहे. तलाठ्याने त्याच्या वाट्याचं पाणी कुणालाच न देता एका भांड्यात तसंच ठेवलं. मी म्हटलं, "शिल्लक ठेवतो आहे." मावशी थट्टा करायची थांबली. मला वाटलं, कंटाळली असेल.

चौथ्या दिवशी मी टीव्ही लावला तेव्हा आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं. मी बंद केला. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातची पेज घेतली नाही. ओठ मिटून घेतले. मावशीने तोच चमचा हातात घेतला तर तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ते जेवत होते, औषध घेत होते, फक्त माझ्या हातून नाही. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली. भांडलो तर ते वाडीत निघून जायचे आणि चिकूची पाटी घेऊन परत यायचे, मग विषय संपायचा. आता ते उठून जाऊ शकत नव्हते आणि मला विचारताही येत नव्हतं. विचारलं तरी उत्तर कुठून येणार? मी चादर बदलली. खिडकी उघडली. पुन्हा लावली. पेज घट्ट झाली असेल म्हणून पातळ केली. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मावशी आत आली आणि म्हणाली, "बाई, रागावू नका. बाबांना ठाऊक हाय. म्हातारा मेला."

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनीच."

"ते कसे सांगतील?"

तिने करून दाखवलं. पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट. मग स्वतःच्या वाकड्या तोंडावर बोट. मग डोळे मिटून घेतले. "आन् मग तुमचेकडं बोट केलं," ती म्हणाली, "आन् हात असा हालवला, नाय नाय करतात तसा. तुमी सांगत नाय, असं. त्या दुपारी बाबा जागे असतील, तुमाला वाटलं झोपले."

मी म्हटलं, "अगं, आजारी माणसाला कसं दाखवू? त्यांना त्रास झाला असता."

"झालाच की. तुमाला वाटतं बाबांना काय झालंय ते बाबांना ठाऊक नाय?" मग आवाज खाली करून ती म्हणाली, "आमचेत भगत कणसरीची गोष्ट लावतो, घांगळी वाजवून. धान्याची देवी ती. तिला किती हाल, किती रडणं, घरातनं हाकलतात तिला. ऐकणाऱ्यात कुणी आजारी असतो, कुणाचं पोर गेलेलं असतं. पण भगत मधलं सोडत नाय. एकदा लावली का पुरी करूनच उठतो. मधलं सोडलं तं गोष्ट तिथंच बसून राहते, ऐकणाऱ्याच्या उरावर. तुमी पुस्तकं शिकलेल्या, तुमाला मी काय सांगू."

इंग्रजीत एम.ए. झालेल्या बाईला हे कुणी याआधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आणि मी फळा पुसत असेन.

त्या दिवशी पाच वाजता मी पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि म्हटलं, "अहो, मी एक भाग गाळला होता. चुकले. आज तो लावते." ते भिंतीकडेच बघत होते. मी भाग लावला. गोदीमास्तराचा आवाज आला तसं त्यांनी हळूहळू तोंड इकडे केलं.

मी प्रत्येक ओळ वाचली. कप निसटला तेव्हा ते सांगितलं. कप्तान म्हणाली, "गोदी, उत्तर द्या." मी म्हटलं, "गोदी, उत्तर द्या." ती दुसऱ्यांदा म्हणाली, मीही म्हटलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज निघेना. पडद्यावर अक्षरं आली आणि गेली. मावशीला ती वाचता येत नव्हती, पण पुढे तेच आहे हे तिला कळलं होतं. ती आजोबांचा पाय चोळत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "उत्तर द्या." आजोबांनी कड वाजवली, एकदा, जोराने. मी पुन्हा वाचायला लागले. पांढऱ्या कापडापर्यंत वाचलं, नंतर सगळे मिळून काय बोलले तेही वाचलं. त्यात काही विशेष नव्हतं. तो चहात किती साखर घालायचा यावर दोघांचं भांडण होतं.

आजोबा रडले नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते आणि मला काहीच वाचता आलं नाही. पेज मी पुढे केली तेव्हा त्यांनी ओठ उघडले नाहीत. मावशीनेच भरवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने चमचा नेला आणि तोंड उघडलं. माझ्याकडे न बघता. का उघडलं, ते मला माहीत नाही. माफ केलं, की भूक लागली होती, की विसरले? तुम्हाला 'माफ केलं' असं सांगावंसं वाटतं, पण पुन्हा बदलीसारखं होईल.

तर असं आहे. लोक या मालिकेत इतके का गुंततात याचं माझं उत्तर एवढंच, की तिथे कुणाची बदली होत नाही. जो जातो तो गेलेला असतो आणि बाकीच्यांना त्याच्या खुर्चीसमोरून रोज ये-जा करावी लागते. हे बघायला माणूस रोज परत का येतो, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी येते, एवढं खरं.

दिवाळीनंतर आजोबांचं खाणं उतरलं आहे. पातळ पेजही घशात अडते. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी औषध बदललं आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुमच्या बाबांना मी हे कळवलं आहे. अजून बरेच भाग राहिले आहेत. काल अर्ध्या भागातच आजोबांचे डोळे मिटले. मावशी रिमोट हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. "बाई, थांबवू का चालू ठेवू?" ते ऐकत होते की झोपले होते, ते मला कळेना. त्यांच्या डाव्या हाताखाली मी माझा हात ठेवला. तो हलला नाही. पडद्यावर सरपंचीण काहीतरी बोलत होती आणि तिच्या ओळी एकामागून एक निघून चालल्या होत्या. मी वाचत राहिले.