पंपातली झेंडूची फुलं

फिटरकाका इंजिनाआधी माणसाला फैलावर घेत. "तेल बघितलंस? पाणी बघितलंस? मग काय माझं तोंड बघत बसला होतास?" हे सगळं ते मचव्यातून आमच्या बोटीवर चढता चढताच. पान्हा हातात द्यायला जरा उशीर झाला, की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

परळच्या गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर बंदरात आले. मी फणसवाडीचा, दादरच्या एका मालकांच्या हौशी बोटीवर तांडेल. पाहुण्यांना घेऊन मुरूडपर्यंत फिरायचं, ही मालकांची हौस. आणि दर दोन फेऱ्यांनी मान टाकायची, ही बोटीची.

काका बौद्ध. कुणाच्या पूजेला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही, पण इंजिनावर फुलं दिसली की भडकायचे. "देवाला घाल ना, कोण नको म्हणतंय? इंजिनाला तेल घाल!" दर खंडेनवमीला मला बजावायचे. यंदाही बजावलं होतं. तरी मालक खूश होतील म्हणून मी इंजिनावर चांगली जाडजूड माळ चढवली.

चौथ्या दिवशी, मालक आणि पाहुणे बोटीवर असताना, बंदराच्या तोंडाशीच इंजिन बंद पडलं. तळात झिरपणारं पाणी उपसणारा पंप तुंबला होता आणि पाणी इंजिनापर्यंत चढलं होतं. फोन केला. काका तासाभरात आले, त्या घाण पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पंपाच्या तोंडातून कुजलेल्या झेंडूचा लगदा ओढून काढला. दोऱ्यासकट.

मालकांनी नेमकं तेवढंच पाहिलं. "माळ तोडलीत? तुमच्यात चालत असेल हे. आमच्या बोटीवर देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही. म्हणूनच इंजिन सारखं बंद पडतं!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माळ मी घातली, काका नको म्हणत होते, ती आपोआपच कुजून तळात पडली, एवढंच बोलायचं होतं. नोकरी जाईल म्हणून मी खाली मान घालून दोर गुंडाळत राहिलो. मालकांचा संताप येतोच, पण तो दोर आठवला की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. पाहुण्यांतलाही एक जण तोंड उघडेल तर शपथ!

"आधी पाणी काढतो. माणसं आहेत बोटीत," काका म्हणाले. इंजिन सुरू करून दिलं, हात धुतले. "साहेब, तुमच्या देवाशी माझं भांडण नाय. तुमच्याशी आहे." मचव्यात उतरले ते परत त्या बोटीवर चढले नाहीत.

दोन महिन्यांनी मी नोकरी सोडली, दुसऱ्या बोटीवर लागलो आणि काकांच्या चाळीत गेलो. त्यांनी बसवलं, चहा दिला, नव्या बोटीची चौकशी केली. मी माफी मागायला लागलो तसा त्यांनी कप खाली ठेवला.

"मला काय सांगतोस? मला माहीत होतंच की माळ कोणी घातली नि पंपात कशी गेली. माहीत नव्हतं ते तुझ्या त्या मालकाला."