अण्णांच्या बोगद्यातला पाहुणा

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी बंगळूरला मल्लेश्वरममध्ये दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. गावाहून फोन होता. पहाटे गेले, झोपेतच. खाणीतली धूळ आयुष्यभर छातीत घेऊन फिरलेला माणूस इतक्या निमूटपणे जाईल असं वाटलं नव्हतं. दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसतो आणि दर वेळी माझंच वाईट लिहून होतं... तेव्हा तेच लिहितो.

अण्णा म्हणजे माझे धाकटे काका. बळ्ळारीकडच्या डोंगरातलं आमचं गाव खाणींवर जगायचं. अंगण, कपडे, कुत्री, सगळं धुळीनं तांबडं. वडील लवकर गेले. अण्णा-काकूंना मूल नव्हतं, त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं. पुढे खाणी बंद पडल्या आणि काही वर्षं गावाला काही सुचेना. मग डोंगर हिरवे झाले, बंगळूरच्या गाड्या येऊ लागल्या, लोकांनी घरं रंगवून होमस्टे काढले, आणि ज्या बोगद्यात अण्णांची उमेदीची वर्षं गेली तोच पाहुण्यांना दाखवायचं काम त्यांना मिळालं. त्यांना त्याचं भारी कौतुक. "विनू, पूर्वी कधी एकदा बाहेर पडतो असं व्हायचं. आता लोक हौसेनं आत येतात बघ!" म्हणायचे.

इकडे ऑफिसात मी थाप मारून ठेवली होती, की आमच्या घरच्या खाणी होत्या. सगळी पुण्या-नागपूरची मंडळी, कोण जातंय पडताळायला? पण त्यांनी सहल नेमकी तिथेच ठरवली. मी अण्णांना कळवलं नाही. उलट त्या दिवशी त्यांची सुट्टी निघावी म्हणून मनातल्या मनात देवाला साकडं घातलं.

बोगद्याच्या तोंडाशी पिवळं हेल्मेट घालून अण्णाच उभे होते. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला... हाक ओठांवर आलीच होती. तेवढ्यात आमच्यातला एक जण त्यांना म्हणाला, "काका, ह्याच्या घरच्याच ह्या खाणी. ओळखता की नाही?"

मी घाईघाईनं म्हणालो, "हे कुठे ओळखणार? मी लहानपणीच गाव सोडलं."

 अण्णा पाहुण्यांशी बोलायच्या कानडी ढंगात म्हणाले, "खरं आहे, सार. आम्ही आतले कामगार. मालकांच्या घरचं आम्हाला काय ठाऊक?" आणि एकेकाला हेल्मेट घालू लागले. माझ्या हनुवटीखालचा पट्टा लावून त्यांनी तो दोनदा ओढून पाहिला. "सार, स्वल्प डोकं सांभाळा," एवढं म्हणून पुढच्याकडे वळले. माझी थाप त्यांनी तासभर सांभाळली, आणि मी त्यांच्या मागून फोटो काढत चाललो.

आठवडाभर मी फोन केला नाही. शेवटी त्यांचाच आला. रागावतील असं वाटलं, रागवायलाच हवं होतं. पण त्यांनी आधी विचारलं, "जवळ कोणी आहे काय रे?" नाही म्हटल्यावर नेहमीसारखं जेवणाखाणाचं बोलले. तेव्हापासून प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न तोच. कोणी असलं की "सरी, सरी, ठीक आहे, मग करतो" म्हणून ठेवून द्यायचे. मी एकदाही म्हणालो नाही, की अण्णा, असू देत कोणी... लिहायला लाज वाटते, पण मला ते सोयीचंच होतं.

परवा दुपारी ऑफिसात काकूचा फोन आला. "विनू, जवळ कोणी आहे काय रे?" म्हणजे अण्णांनी तिलाही सांगून ठेवलं होतं. सगळेच आजूबाजूला होते. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "आहेत काकू, सगळे आहेत. बोल तू."

 ती हलक्या आवाजात म्हणाली, "सरी बाळा, मग करते," आणि फोन ठेवला.