समेटाचा बोकड

'प्रश्न पूर्णपणे मिटला असून दोन्ही पाडे आनंदात आहेत.' हे वाक्य आमच्या प्रकल्पाच्या वहीत माझ्या अक्षरात आहे. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्या वाक्याची मला अजून चीड येते, आणि ते माझंच असल्यामुळे ती कुणावर काढताही येत नाही.

मी नेहल. प्रकाशा गावात आमचं किराणा दुकान आहे. कॉलेजात मी 'संघर्ष परिवर्तन आणि शांतता' हा विषय घेतला, कारण त्याचा तास बाराला संपायचा आणि मला घरची बस मिळायची. माझी जोडीदार आशा वसावे मात्र पहिल्या बाकावर बसून सरांचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायची. ती डोंगरातल्या मोलगीच्याही वरची, जीप थांबते तिथून तासभर चढून जावं लागतं अशा गावची. आश्रमशाळेत शिकल्यामुळे तिचं मराठी पुस्तकासारखं शुद्ध. आमचं अहिराणी तिला कळायचं, पण बोलायची नाही. हसायचीही कमी. होस्टेलमध्ये तिची पाण्याची बादली कुणी उचलली तर मात्र तीन मजले ऐकू जाईल अशी भांडायची. पोरी ते वर्गात सांगून हसायच्या. मीही हसले आहे.

सरांनी प्रत्येक जोडीला मिटलेला एक तंटा शोधून लिहायला सांगितलं. न मिटलेला का नको, हे कुणी विचारलं नाही. आम्हाला गाव सरांनीच दिलं. आशाच्या गावातल्या समेटाबद्दल त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. आशा नको म्हणाली, पण सर म्हणाले, तिथली भाषा येणारी तूच आहेस.

तंटा असा होता. खालच्या पाड्यातल्या जामसिंगचा बैल वरच्या पाड्यातल्या करणसिंगच्या मक्यात शिरला. मारामारी झाली, दोन डोकी फुटली. करणसिंगनं आपल्या शेतातून जाणारी वाट बोरीचे काटे लावून बंद करून टाकली. खालच्या पाड्यातल्या बायका त्याच वाटेनं झऱ्यावर जायच्या. पुढे पंच बसले. बोकड कापला, दोघं एकाच द्रोणातून मोहाची दारू प्यायले, गळ्यात गळे घालून रडले म्हणे. बैलाचं मिटलं, फुटलेल्या डोक्यांचं मिटलं. काटे मात्र तसेच राहिले. त्यांचा विषयच निघाला नाही, कारण पंचांमध्ये पाणी भरणारं एकही माणूस नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आम्ही गेलो तेव्हा खालच्या पाड्यातल्या पुरुषांनी मला मोडक्यातोडक्या मराठीत बोकडाचं वर्णन अगदी रंगवून सांगितलं. मी जैनाची पोर, मान खाली घालून लिहीत बसले. मग जामसिंगची बायको नानीबाई तिच्या भाषेत बोलायला लागली. दहा मिनिटं बोलली. बोलताना ती उजवा हात सारखा पुढे करत होती. तो मनगटात वाकडा होता.

"त्या म्हणतात, पाण्याची थोडी गैरसोय आहे," आशा म्हणाली.

मी 'थोडी गैरसोय' असं लिहून घेतलं. पण मी दुकानदाराची मुलगी आहे, गिऱ्हाईक काय बोलतंय हे चेहऱ्यावरून कळतं मला. परतीच्या उतारावर मी तिला थांबवलं.

"दहा मिनिटं बोलनी ती बाई, आनि तू एक वाक्य सांगं. मन्हाशी खोटं बोली ऱ्हायनी का तू?"

आशा दगडावर बसली आणि सगळं सांगितलं. वाट बंद झाल्यापासून बायका नाल्यातून फेरा घालून पाणी आणतात. पावसाळ्यात दोन हंड्यांसकट नानीबाई तिथं पडली. हात मोडला तो वाकडाच बसला. ती दहा मिनिटं करणसिंगला शिव्या देत होती.

"मग हे का नाही सांगितलंस?"

"करणसिंग माझे वडील आहेत," आशा म्हणाली. "आमच्या पाड्यातून कॉलेजात आलेली मी पहिली मुलगी. त्यांनी पाठवलं म्हणून आले. त्यांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, शेत माझं आहे. आता सांग, मी काय करू?"

त्या गावात अर्धी घरं वसाव्यांची, त्यामुळे आडनावावरून मला काही कळलं नव्हतं. ती मला आपल्या घरी न नेता मावशीकडे का घेऊन गेली, तेही आत्ता कळलं. मी विचारलं, लिहू का? ती म्हणाली, नको लिहूस. आणि मी लिहिलं नाही. अळीमिळी गुपचिळी. आमचा प्रकल्प वर्गात पहिला आला.

पहिला आल्यावर सरांना चेव चढला. जानेवारीत कॉलेजात कार्यक्रम ठेवला. करणसिंग, जामसिंग आणि नानीबाई यांना जीपनं आणलं. दोघा पुरुषांना टोप्या घातल्या, नानीबाईला शाल आणि नारळ. तिनं नारळ डाव्या हातानं घेतला. व्यासपीठावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, उजव्या हातानं घ्या. फोटो आहे."

नानीबाईला मराठी फारसं येत नाही, पण एवढं तिला समजलं. तिनं नारळ टेबलावर ठेवला, शाल काढून त्यावर टाकली आणि बोलायला लागली. सगळं सभागृह कौतुकानं ऐकत होतं, कारण कुणाला काही कळत नव्हतं. तिचं झाल्यावर सरांनी माईक आशाकडे दिला.

"आशा, थोडक्यात सांग."

आशानं माईक घेतला. मी पहिल्या रांगेत होते. माझ्याच रांगेत टोपी घातलेले तिचे वडील बसले होते.

"थोडक्यात नाही सांगणार," ती म्हणाली. "त्या बोलल्या तसं सांगते. त्या म्हणतात, करणसिंगनं माझी वाट बंद केली. बैल आत शिरला ते नवऱ्याचं चुकलं, शिक्षा मला का? बोकड कापला तेव्हा त्यासाठी पाणीही मीच आणलं, नाल्यातून, फेरा घालून. माझा हात मोडला. करणसिंग ते काटे रोज बघतो. त्याला लाज नाही. तुम्ही सगळे लिहून नेता. तुम्हालाही नाही. आणि ही पोर करणसिंगची आहे. हिनं माझं बोलणं तुम्हाला सांगितलं नाही. मला शाल नको, वाट द्या."

एक शब्द तिनं गाळला नाही, स्वतःबद्दलचाही नाही. सरांचा चेहरा पडला होता. करणसिंग उठले. टोपी खुर्चीवर ठेवली, मुलीकडे बघून अगदी हळू आवाजात दोन वाक्यं बोलले. अध्यक्षांना वाटलं, माफी मागितली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या सभागृहानं वाजवल्या.

"वा," सर म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला होता. "आशा, काय म्हणाले ते?"

आशानं टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली.

"माझे वडील म्हणाले, हिला आजपासून घर बंद. आईला भेटायलाही यायचं नाही."

करणसिंग जीपमध्ये न बसता चालतच स्टँडकडे गेले. आठ दिवसांनी खालच्या पाड्यातल्या अकरा बायकांनी कोयत्यांनी काटे तोडून वाट मोकळी केली. करणसिंग बांधावर उभे राहून बघत होते, अडवलं नाही. पंचांपैकी कुणी आलं नाही, बोकडही कापला नाही. होळीला होस्टेल रिकामं झालं, तेव्हा नानीबाई आशाला आपल्या घरी न्यायला आली होती. आशा म्हणाली, बा बोलावेल तेव्हाच त्या वाटेनं येईन. बानं अजून बोलावलेलं नाही. ती खोलीवर एकटी राहिली, आणि डोंगरात तर होळीएवढा मोठा सण नसतो.

सरांनी मला अहवाल सुधारून द्यायला सांगितलं. म्हणाले, शेवट सकारात्मक ठेव. मी माझं जुनं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'वाट उघडली आहे. जिनं ती उघडायला लावली त्या मुलीला तिचं घर बंद आहे.' सरांनी दुसऱ्या वाक्यावर लाल रेघ मारून वही परत दिली. मी ते वाक्य त्या रेघेच्या खाली पुन्हा लिहिलं, त्याच चांगल्या अक्षरात, आणि वही त्यांच्या टेबलावर ठेवून आले.