दादाची मोजणी

माझ्या मावसभावाइतका, म्हणजे दादाइतका हट्टी माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी जाहीर लिहून द्यायला तयार आहे. खेडला घरी बसून तो प्रोग्रॅम लिहितो, आणि त्यातला प्रत्येक तुकडा चालायला किती वेळ घेतो हे मोजल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. तुकड्याच्या आधी एक घड्याळ लावायचं, नंतर एक, आणि मधला फरक काढायचा. तेही पुन्हा पुन्हा चालवून. पहिली वेळ बाद, कारण यंत्र तेव्हा जागं होत असतं. हा नियम तो जेवतानाही पाळतो. तळलेला पहिला बांगडा संपवून "हा धरायचा नाही" म्हणत ताट पुढे करतो. मावशी करवादते, "मेल्या, कोळणीनं तो मोजून दिलाय!"

आमच्या वाडीतली चौथीपर्यंतची शाळा बंद करायचं सरकारने घाटलं, तेव्हा आम्ही पेटलो. एवढ्याशा पोरांनी हायवे ओलांडून सावर्ड्याला जायचं? शेवटच्या तारखेच्या संध्याकाळपर्यंत हरकती पाठवायच्या होत्या. दादाने त्यासाठी साइट बनवली आणि त्या दिवशी खेडहून स्वतः आला. समाजमंदिरात माणसं मोबाइल घेऊन जमली, आणि पान नुसतं गरगर फिरत राहिलं. मी टेबलावर चढले. "हे कारस्थान आहे! आपला आवाज दाबला जातोय!"

"मोजलंस?" दादाने खालून विचारलं.

"शाळा जातेय, आणि तू मोजत बसणार?"

तो बसलाच. थोड्या वेळाने त्याचे कान लाल झाले. "कारस्थान माझंच आहे गो. ओळीओळीला घड्याळ लावलंय मी. दर हरकतीला ती सगळी आपापली वेळ लिहीत बसतात. काम झटक्यात होतंय, वेळ जातोय तो मोजण्यात."

"मग उपट की ती!" मागून एक म्हातारी ओरडली.

दाढ काढून घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने त्याने एकेक घड्याळ काढलं. हरकती भराभर गेल्या. पुढे निर्णय आला: शाळा यंदा चालू राहील.

पत्रक लिहायला मी शाळेच्या पायरीवर बसले होते. दादा शेजारी होता. आत पोरं पाढे म्हणत होती, अडखळत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. तो ऐकत होता, नुसताच. 'शाळा कायमची वाचली!' असं मी ठळक लिहिलं होतं. त्याने काही विचारायच्या आतच मी 'कायमची' खोडलं.